भूक मोजायला सोनपेठला

परभणीहून सोनपेठची एसटी अशी सुटली, की पहिल्याच खड्ड्याला मांडीवरचा वजनकाटा उडून शेजारच्या आजोबांच्या मांडीवर बसला. आजोबांनी त्याला तंबाखू विचारली म्हणतात. बाहेर भिंतीभिंतीवर विद्यापीठ नामांतराच्या घोषणा आणि नजर थकेपर्यंत ज्वारी.

आमच्या पुण्याच्या डॉक्टरांचं संशोधन साधं होतं. मूत्रपिंडाच्या कर्करोगात माणसाचं अन्न तुटतं. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी भूक परतते का, आणि टिकते किती? रोग जात नाही, हे सगळ्यांना सांगितलेलं. मी गावोगाव वजनं करणारा.

सोनपेठचे गुरुजी आमच्या दवाखान्यातून काडीसारखे होऊन घरी गेले होते. आता गालांनी चष्मा वर उचललेला. "जयभीम, या," म्हणाले, आणि मी चप्पल काढेस्तोवर भाकरी संपवली. मी खुशीत गोळ्यांची डबी मागितली. आत एकच गोळी.

"बाकीच्या वाटल्या की," त्यांच्या पत्नी कौसाबाई म्हणाल्या. "चांगलं काय झालं की शेजारी वाटी धाडावी लागती. लय वाळलेत सगळे."

मी घाईने समजावलं. ही गोळी एकदम बंद झाली तर माणूस कोसळतो. ऐकताच कौसाबाईंनी पदर खोचला आणि निघाल्या; मागे मी.

शेजाऱ्यांनी गोळ्या सणासाठी जपून ठेवल्या होत्या. पण आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही इथली रीत. एका घरातून गोळ्यांवर धपाटे (ज्वारीचं तिखट थालीपीठ), दुसऱ्यातून ठेचा, तिसऱ्यात मलाच पाटावर बसवलं. तिथून उठलो तेव्हा मी आडवा पडलो असतो तर गोदावरी अडली असती.

शेवटचे खंडूमामा. कुस्तीचे शौकीन, गोळ्या उशाखाली.

"भाऊजी, मास्तर जेवायलेत," कौसाबाई म्हणाल्या. "लय दिसांनी जेवायलेत."

मामांनी उशी उचलली. "न्या वैनी. एकच खाल्ली. बैलाचीबी पेंड खावी वाटली."

पुढच्या फेरीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या जमल्या. गुरुजींनी आपली घेतली आणि आलेल्या वाट्यांवर आडवा हात मारला. कौसाबाई समोर बसून सिनेमा पाहावा तशा बघत राहिल्या.

पुण्याला परतल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ही भूक किती टिकेल असं वाटतं? एरवी मी मुंगीचा हत्ती करतो. इथे पाहिलं तेवढंच सांगितलं. म्हटलं, ते नाही सांगता येत. मी निघालो तेव्हा दुसरी भाकरी चालू होती.