केडगाव नाक्यावर वाजलेली कॅसेट

परदेशी जाताना विमानतळावर लॅपटॉप उघडायला लावतात, आतले फोटोसुद्धा चाळतात, असं भाचा परवा तावातावानं सांगत होता. मला त्याच्याइतका राग येईना. केडगावच्या जकात नाक्यापासून माझी राग यायची जागाच बधिर झाली आहे.

तेव्हा नवरा आखातात कामाला होता. पत्र आलं की सासूबाई ते आधी कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या, म्हणून तो मला कॅसेट भरून पाठवायचा. त्या खेपेला त्यानं मित्राबरोबर टेपरेकॉर्डरही पाठवला. तो आणायला सासूबाई आणि मी, आम्ही दोघी पुण्याला गेलो. मित्राच्या घरी आतल्या खोलीत बसून, कानाला इअरफोन लावून मी कॅसेट ऐकली. त्यातलं एकच बोलणं मागं घेऊन घेऊन ऐकलं आणि शेवटी कॅसेट पुन्हा त्याच्या सुरुवातीला आणून थांबवली.

परतताना नाक्यावर एसटी अडवली. मालानं भरलेले ट्रक बिनबोभाट पुढं गेले आणि कारकुनाला दिसली ती आमची पिशवी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"टेप नवा दिसतोय. जकात भरा," तो म्हणाला. वापरलेल्या घरच्या वस्तूला जकात नसायची.

सासूबाई चिडल्या. "अवो, माझ्या लेकानं वापरलाय त्यो. त्याचाच आवाज हाय आत. ऐका की!"

"आत्या, नगं," मी म्हणाले, तोवर त्यांनी बटण दाबलं होतं.

"डाक्टर म्हनला, दोष माझ्यात हाय. तुझ्यात न्हाई. पोर न्हाई हुत, ते माझ्यामुळं. आईला सांगू नगं."

सगळी बस वळून बघू लागली. कारकुनानं मान खाली घालून टेप परत दिला. लग्नापासून मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते. आता सुटले, असं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. सासूबाई घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांकडून त्या कॅसेटवर भजनं भरून घेतली. मी आडवी आले नाही.

पुढं भावकीतल्या एका लग्नात कुणीतरी माझ्याकडं बघून नातवाचं विचारलं. सासूबाई माझ्यासमोरच म्हणाल्या, "सूनच वांझ निगाली. काय करायचं?"

मी पंगतीत भात वाढत होते, तशीच वाढत राहिले. खरं काय ते अख्ख्या बसनं ऐकलं होतं. त्यात आमच्या गावचं एकही माणूस नव्हतं.