वॉर्डातली थोरली जाऊ

९ ऑक्टोबर २००३, गुरुवार. प्रसूतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरील वॉर्डात त्या दिवशी टीव्ही बसवला गेला. ही तारीख कुणालाही तपासून पाहता येईल. टीव्हीच्या लोखंडी चौकटीमागे वायरमनने ती भिंतीवर पेन्सिलीने लिहून खाली सही केली आहे, आणि नंतरच्या रंगाऱ्यांनी, का कोण जाणे, तेवढी जागा सोडून रंग दिला आहे. या लेखात याच्याइतकी भक्कम गोष्ट दुसरी नाही. पुढचे सारे माणसांच्या सांगण्यावर उभे आहे, आणि सांगणारी बहुतेक माणसे मध्येच हसू लागत, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

मोठ्या सिस्टरांनी टीव्हीला परवानगी दिली ती एका अटीवर: चित्र चालेल, आवाज चालणार नाही. वॉर्डात तान्ही मुले झोपलेली असतात. एक उठले की सगळी रांग उठते. आवाज शून्यावर आणून त्यांनी रिमोट आपल्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातले. वॉर्डातल्या बाळंतिणी दुपारी चारची मालिका मुक्यानेच पाहू लागल्या.

या मुक्या मालिकेला तोंड मिळाले ते मावशीचे. मावशी म्हणजे दुपारपाळीची आया. ठेंगणी, तुरतुरीत, चालताना चपलांचा आवाज न करणारी. दुपटी धुऊन-वाळवून घड्या घालणे, बाळंतिणींना आधार देऊन उठवणे, बाळाला अंघोळ घालणे ही तिची कामे. चार वाजता ती दुपट्यांचा ढीग घेऊन टीव्हीखालच्या बाकावर बसे आणि एक डोळा घड्यांवर, एक डोळा पडद्यावर ठेवून गोष्ट सांगू लागे. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज. सासऱ्याचा खोकला सुद्धा वेगळा. सगळे हलक्या आवाजात, कारण मुले झोपलेली. मालिकेच्या सुरुवातीला चेहऱ्यांखाली पात्रांची नावे येत, तेवढाच तिचा आधार. बाकी ओठ, डोळे आणि हातवारे यांवरून ती लावील तो अर्थ.

मालिकेत एका मोठ्या घरातल्या तीन जावा होत्या. थोरलीचे डोळे टपोरे, चेहरा शांत, आणि घरात काहीही घडले तरी ती तिथे हजर. मावशीचा जीव तिच्यावर जडला. थोरली दुधाचा पेला घेऊन धाकटीच्या खोलीत गेली की मावशी म्हणे, बघा, स्वतः उपाशी असेल, पण हिला आधी दूध. तेच दूध थोरलीने इकडेतिकडे पाहत मोरीत ओतले, तर ते करपले होते. करपलेले माणसाला कसे द्यायचे? थोरलीने धाकटीच्या खोलीला बाहेरून कडी लावली, कारण धाकटीला ताप होता आणि वारा लागला असता. रात्री कपाट उघडून तिने कागद पदराआड घेतले, कारण त्या घरात कागदपत्रे सांभाळणारी तेवढी एकच होती.

बाळंतिणी चार-पाच दिवस राहत आणि घरी जात. मुलगी झाली असेल तर निघताना नावाचा विषय निघे, आणि मावशी थोरल्या जावेचे नाव सुचवी. सोन्यासारखी बाई आहे, नावाचा गुण लागेल, असे तिचे म्हणणे. हे नाव मी येथे देत नाही. त्या नावाच्या मुली आज कॉलेजात आहेत आणि त्यांतल्या एकीने तशी अट घातली आहे. नाव त्यापूर्वी त्या भागात फारसे ठेवले जात नव्हते आणि त्यानंतर एकाएकी वाढले, इतके सांगणे पुरेसे आहे.

घरी गेल्यावर या बायकांनी मालिका आवाजासह का पाहिली नाही, असा प्रश्न मला पडला होता. त्यावर प्रत्येकीने माझ्याकडे जवळजवळ एकाच नजरेने पाहिले. तान्हे मूल घरात असताना दुपारी चारला कोण टीव्ही पाहतो?

पाहिला तो त्यांच्यातल्याच एकीने, बेकरीवाल्याच्या बायकोने. तिची मुलगी सात महिन्यांची झाल्यावर ती पुन्हा गल्ल्यावर बसू लागली, आणि बेकरीत गिऱ्हाइकांसाठी टीव्ही होता, आवाजासकट. त्या दिवशीच्या भागात थोरल्या जावेने सासऱ्याला जिन्यावरून ढकलले. त्याच भागाबद्दल त्याच वेळी मावशीने वॉर्डात काय सांगितले, हेही मला तेव्हाच्या एका बाळंतिणीकडून कळले: सासऱ्याचा तोल गेला, बिचारी धरायला धावली, पण हात पुरला नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाली मुलीला कडेवर घेऊन वॉर्डात आली. ती भांडायला आली नव्हती, असे ती आज म्हणते. मोठ्या सिस्टरांचे मत वेगळे आहे.

“मावशी, तुमची ती गुणाची बाई काल सासऱ्याला ढकलत होती.”

“धरायला गेली होती ती.”

“ढकलून हसली. मोठ्यानं हसली, मावशी. बेकरीतला माणूस पाव घ्यायचा विसरला.”

मावशी हातातले दुपटे तसेच धरून खाली बसली. मग बेकरीवालीने सारे सांगितले. दुधात झोपेच्या गोळ्या होत्या. कडी लावली ती धाकटीने पोलिसांकडे जाऊ नये म्हणून. कागद होते ते घर स्वतःच्या नावावर करून घेण्याचे. मावशीने एकच प्रश्न विचारला: “आणि मधली?” मधली, जिला मावशीने आजवर आगलावी म्हणून सांगितले होते, ती मालिकेची नायिका होती.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आयांनी मावशीचे नाव ‘दिग्दर्शक’ ठेवले. दोन घरांत मुलींची नावे बदलावीत की काय यावर बैठका झाल्या. पण मावशीला खरा घोर लागला होता तो घरचा. तिच्या एकुलत्या एक मुलीला तेव्हा सातवा महिना होता, आणि लग्न ठरले तेव्हाच मुलीने शब्द दिला होता की पहिल्या बाळाचे नाव आई ठेवील. इतक्या परक्या मुलींना नावे देणाऱ्या बाईला आपल्या नातवंडाचे नाव ठेवायचे होते. याहून मोठी हौस तिला नव्हती, हे तिच्या नवऱ्यासह सगळ्यांनी मला सांगितले. आता विहीणबाई गोडीत म्हणाल्या, “नावाचं आम्ही बघतो हो. तुम्ही दुपटी शिवा, तुमच्या हाताला मऊपणा आहे.” मुलीनेही मान खाली घालून सांगितले, “आई, नाव सोडून काहीही माग.”

मावशीने गोष्ट सांगणे बंद केले. चार वाजता ती दुपटी घेऊन व्हरांड्यात जाऊ लागली. वॉर्डात टीव्ही चाले, बायका पडद्याकडे पाहत आणि लवकरच भिंतीकडे तोंड करून झोपत. आठवड्याभरात मोठ्या सिस्टर व्हरांड्यात आल्या आणि टीव्ही बिघडला आहे का, असे त्यांनी विचारले. मावशी नाही म्हणाली. मग गोष्ट का ऐकू येत नाही, असे सिस्टरांनी विचारले. तेव्हा कळले की रोज चारची फेरी त्या दाराआड उभ्या राहून काढत होत्या.

मुलीचे बाळंतपण त्याच वॉर्डात झाले. ऑपरेशन करावे लागले, पण दोघी सुखरूप. मुलगी झाली. योगायोग असा की तिसऱ्या दिवशी तळमजल्यावर लस टोचण्याचा वार होता. बेकरीवालीची मुलगी नऊ महिन्यांची झाली होती. लस टोचून झाल्यावर ती रडणारी मुलगी घेऊन वर आली, आणि तिच्या मागोमाग त्याच नावाच्या मुली घेऊन आणखी दोघीजणी. एकीने हाक मारली की तिन्ही मुली रडायच्या थांबून पाहत. विहीणबाई खाटेशी बसून हे बघत होत्या. त्यांचा चेहरा फारसा उत्साहवर्धक नव्हता.

चार वाजले. मावशी दुपटी उचलून निघाली, तशी बेकरीवाली वाटेत उभी राहिली.

“सांगा ना मावशी, काय चाललंय.”

“मला काय कळतंय त्यातलं? घरी जा आणि आवाज लावून बघ.”

“घरी रोजच बघते. तिथली थोरली वाईट आहे. माझ्या पोरीचं नाव मी इथल्या थोरलीवरून ठेवलंय.”

पडद्यावर दोन पोलीस थोरल्या जावेला धरून दाराबाहेर नेत होते. मावशीने पाहिले, पुन्हा पाहिले, आणि बाकावर बसली.

“सोबतीला पाठवलेत,” ती हळूच म्हणाली. “घराची एवढी कागदपत्रं घेऊन बाईमाणूस एकटी कशी जाईल?”

पहिल्यांदा फुटली ती मावशीची मुलगीच. पोट धरून ती म्हणाली, “आई, हसवू नकोस, टाके दुखतात.” मग सगळा वॉर्ड. मावशी थांबली नाही. जीपमध्ये थोरलीला मधोमध बसवले, कारण मान मोठा. मधली दारात रडते आहे, कारण आता घरात स्वयंपाक कोण करणार? मधलीच्या आवाजात तिने एक असा हुंदका काढला की दाराआडून मोठ्या सिस्टरांचे हसू ऐकू आले. भाग संपला तेव्हा विहीणबाई पदराने डोळे पुसत विचारत्या झाल्या, “पण सोडतील ना हो तिला?”

“सोडतील की. तिनं केलंय काय?”

विहीणबाईंनी सुनेकडे पाहिले, सुनेने आईकडे. “सांग आई,” ती म्हणाली, “नाव सांग.” मावशी बाळाच्या कानाशी वाकली आणि तेच नाव म्हणाली. रडून थकलेल्या तिन्ही मुलींनी मागे वळून पाहिले.

मुली वाढल्या. मावशी निवृत्त होईपर्यंत वॉर्डात गोष्ट चालू राहिली आणि टीव्हीचा आवाज शून्यावर.

एक कोडे मात्र माझ्याच्याने सुटले नाही. दर रविवारी मावशीला सुट्टी असे, आणि मालिकेचे आठवड्याचे सगळे भाग रविवारी सकाळी पुन्हा दाखवले जात. मावशीच्या घरी टीव्ही होता. तिची शेजारीण सांगते की त्या काळात दर रविवारी भिंतीपलीकडून मालिकेचा आवाज यायचा, अगदी मालिका सुरू झाल्यापासून. मावशीचा नवरा सांगतो की तो त्या वेळी दुकानात असे. मावशीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मी भाजी निवडत होते, टीव्ही आपला चालू असायचा,” आणि मला चहा घेणार का म्हणून विचारले. बेकरीवाली येण्याआधी तिला खरी गोष्ट माहीत होती की नव्हती, हे कळलेले नाही.