आईच्या दुखण्याला मी दिलेलं नाव

होटगी स्टेशनवर आईनं खिडकीतून माझं मनगट धरलं होतं, दुसरा हात स्वतःच्या छातीवर. "जीव नुसता वरखाली व्हायलाय बघ. पोचलीस की फोन कर," म्हणाली. मी चिडले. डब्यातल्या लोकांसमोर रडारड नको होती मला.

इंग्लंडात लीड्सला म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला लागले आणि पहिल्याच आठवड्यात एक शब्द शिकले, अँग्झायटी. बस चुकली, अँग्झायटी. एखाद्या आजीला मुलाचा फोन आला नाही, अँग्झायटी. आमच्या मॅनेजरबाई तर सोमवार उजाडला तरी हाच शब्द काढायच्या. आपल्याकडं धाकधूक वेगळी, हुरहुर वेगळी, घालमेल वेगळी. इथं सगळ्याला मिळून एकच शब्द, आणि उपायही तयार: खुर्चीत बसा, चार आकडे मोजत श्वास घ्या, सोडा. मला हे लई आवडलं. आईला जन्मभर काय होत होतं ते आत्ता कुठं कळलं, असं वाटलं.

मागच्या उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, हल्ली जीव घाबरा होतोय, घागर उचलली की घाम सुटतोय. मी शहाणी. तिला शब्द सांगितला, श्वास शिकवला. ती हसली. "इंग्रजीत नाव हाय म्हंजे लई जणांना होत आसंल की," म्हणाली.

तीन आठवड्यांनी ती गेली. हार्ट अटॅक. भाऊ कुर्डुवाडीला नोकरीत, तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या सकाळी शेजारच्या रजियाभाभी रिक्षा घेऊन दारात आल्या होत्या, दवाखान्यात चला म्हणून. आई उठली नाही. "लेक तितं हेच काम करती. ती म्हनली, श्वास मोजला की जातंय." उंबऱ्यावर बसून ती मोठ्यानं आकडे मोजत होती म्हणे. भावानं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

माझ्यासारखे लांब गेलेले कुणी हे वाचत असाल, तर घरच्या दुखण्याला फोनवरून नाव देऊ नका. कुणाला तरी सांगून दवाखान्यात पाठवा.

दिवसकार्य उरकून लीड्सला परत आले. विमानतळावर सवयीनं फोन काढला, आईचं नाव दाबलं आणि मग कापला. मी पोचले का, याची वाट बघणारं कुणी नव्हतं. होटगीच्या त्या दोन खोल्यांना आता कुलूप आहे, पण घर म्हणजे त्या खोल्या नव्हत्याच. माझ्यासाठी जीव वरखाली होणारं एक माणूस, तेच माझं घर होतं. त्याच माणसाला मी सांगितलं होतं, काही नाही गं, बसून श्वास मोज.