हिरड्याच्या रेणूला दुहेरी सुतळी

मला एक सांगा, माणसाने भरवसा ठेवावा तरी कोणावर? गिऱ्हाइकावर? ट्रकवाल्यावर? की वजनकाट्यावर? धानोऱ्यात हिरडा, बेहडा, मोहफुलाचा धंदा करता करता केस पांढरे झाले, आणि माझं उत्तर ठरलेलं होतं: आपल्या दोन डोळ्यांवर! त्याच डोळ्यांनी मला कसं तोंडघशी पाडलं, ते आता काय सांगू तुम्हाला. चहा घ्या, निवून राह्यला.

आमची सून अश्विनी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. मी शाळा नववीतच सोडली, पण दुकानाची बिलं कॉम्प्युटरवर मीच काढतो. कोणी शिकवलं नाही, आपलं आपण शिकलो. माउस मला परका नाही, आणि घोळ इथूनच सुरू होतो. ज्याला काहीच येत नाही तो लांबून पाहतो. ज्याला थोडं येतं, तो हात घालतो!

त्या दिवशी अकरा वाजता नागपूरचे एक सर तिची ऑनलाइन मुलाखत घेणार होते. पसंत पडली तर दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम. पोरीनं चार दिवस जेवणाकडे लक्ष दिलं नव्हतं. घरात नेटवर्क रुसलेलं, म्हणून लॅपटॉप मांडला माझ्या गोदामाच्या ओट्यावर, हिरड्याच्या पोत्यांना टेकून.

"मामाजी, मी तयार होऊन येतो. जरा लक्ष ठेवजा."

लक्ष ठेवजा म्हणाली. ठेवलं!

पडद्यावर काळे, लाल, पांढरे गोळे, आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या. हिरडा तुरट लागतो ना, त्यातल्याच एका द्रव्याचा रेणू, असं तिनं आधी सांगितलं होतं. रेणू म्हणजे काय? त्या मालाचं सगळ्यात लहान पोतं, असं मी आपलं समजून घेतलं. समोर माल दिसला की मोजायचा, ही माझी खोड. काळे सात, लाल पाच, पांढरे सहा.

मग माझ्या डोळ्यांनी चूक पकडली. काही गोळ्यांच्या मध्ये दोन काड्या, आणि काहींच्या मध्ये एकच!

अरे, गडबडीत राहिलं पोरीचं! आमच्याकडे पोत्याचं तोंड दाभणाने शिवतात, आणि सुतळी कायम दुहेरी. एकेरी शिवलं, की गडचिरोलीच्या रस्त्यावर तिसऱ्या खड्ड्यात हिरडा बाहेर. आणि हा माल तर नागपूरला जायचा होता!

एका काडीवर माउस दाबला. काडी दुहेरी झाली! इतकं सोपं? मग काय, एकामागून एक आठ काड्या पक्क्या केल्या. पांढऱ्या गोळ्यांच्या काड्यांना मात्र हात लावला नाही. चिल्लर माल, एकेरी चालतो.

समाधानानं मागे टेकलो, पुन्हा मोजलं. काळे सात, लाल पाच, पांढरे... एकही नाही! सहाच्या सहा गायब! हसू नका, मी लॅपटॉप उचलून खाली पाहिलं.

आता घाम फुटला. घाबरून माउस मोकळ्या जागेत दाबला, तर तिथे एक नवा काळा गोळा उगवला, अंगावर चार पांढरे घेऊन. देवच पावला! आणखी एकदा दाबला, पांढरे झाले आठ. दोन जास्त. मग त्या दोन नव्या काळ्यांना ओढून एकमेकांशी जोडलं, तर दोन पांढरे आपोआप उडाले. राहिले सहा. स्टॉक बरोबर! दोन काळे वाढले होते, पण गिऱ्हाइकाला दोन नग वरती दिले तर कोणी भांडतं का?

सेव्ह केलं. बंद केलं. नीट सेव्ह झालं की नाही, म्हणून परत उघडूनही पाहिलं. माझं काम पक्कं असतं.

अकरा वाजता अश्विनी बसली. मी मागच्या पोत्यावर. सरांचा चेहरा आला, आणि तिनं रेणू दाखवला.

"अश्विनी," सर म्हणाले, "कार्बनला हात किती?"

"चार, सर."

"मग या काळ्याला सहा कसे? त्याच्या शेजारच्यालाही सहा! आणि कोपऱ्यात हे काय तरंगतंय?"

पोरीचा चेहरा हिरड्यासारखा सुकला. हळूच मागे वळली.

"मामाजी... तुम्ही हात तर नाई ना लावला?"

आता खोटं बोललो असतो तर तिचे दोन महिने गेले असते. उठलो, लॅपटॉपसमोर वाकलो.

"सर, नमस्कार. पोरीची चूक नाई. शिलाई मी मारली. एकेरी होती, दुहेरी केली."

"काऊन पण, मामाजी?"

"उसवलं असतं ना, बेटा!"

सर इतके हसले की पडद्यावरून दिसेनासे झाले. परत आले ते चष्मा पुसत. "काका, कार्बनचे हात चारच. एकीकडे जास्त धरले, तर दुसरीकडचं सोडावं लागतं." मग तिला म्हणाले, "काढ बरं, माझ्यासमोर नव्यानं."

 एकेक गोळा मांडत, कोण कोणाला का धरतो ते सांगत, तिनं तो रेणू असा उभा केला की मलाही समजला! सर म्हणाले, "सोमवारी ये." 

जाता जाता सरांनी माझी ती फाईल मागून घेतली. म्हणाले, "नव्या पोरांना देतो, चुका शोधायला. पण काका, पांढरे बरोबर सहा कसे काय भरले?"

मी ऐटीत सगळं सांगितलं.

आता माझी बायको बाजारात सांगत फिरते, "यायनं सुनेच्या पंधरा काड्या मोडल्या." म्हणून विनंती आहे, तुम्ही हा किस्सा कुठे सांगाल तर हिशेब इमानदारीनं ठेवा. काड्या आठच. आणि ते सहा पांढरे गोळे त्यात धरू नका. त्याच्यावर सरांनी वेगळा शेरा मारलाय: "आठ चुका, आणि एक लबाडी."