तिच्या तोंडी माझ्या लेकराचं नाव

त्या बाईनं माझ्या मेलेल्या लेकराचं नाव घेतलं तेव्हा माझ्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं.

नातवाचं बारसं होतं. पुढच्या खोलीत पाळणा टांगलेला, बायका भोवती बसलेल्या. माझी मुलगी आत्या म्हणून बाळाच्या कानाशी वाकली होती आणि तिच्या पाठीत मारायला बायकांनी मुठी उगारून ठेवल्या होत्या. हसणं-खिदळणं चाललं होतं. तेवढ्यात ही बाई पुढं सरकली. नात्याची ना गोत्याची, नवऱ्याच्या ओळखीची म्हणून आलेली. माझ्या मुलीला म्हणाली, "अगं थांब, थांब. तुझ्या मोठ्या भावाला ठरवलेलं नाव ठेव ना ह्याला. किती गोड नाव आहे. तुझ्या बाबांना बरं वाटेल बघ." आणि तिनं ते नाव घेतलं. एकदा घेतलं, कुणाला ऐकू गेलं नसेल म्हणून परत घेतलं.

आपल्याला मोठा भाऊ होता हेच माझ्या मुलीला माहीत नव्हतं. ती वाकलेली तशीच राहिली आणि माझ्याकडं बघायला लागली. सून माझ्याकडं बघायला लागली. मी नवऱ्याकडं बघितलं. तो दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली.

मी म्हणाले, "ते नाव नाय ठेवायचं. ठरलंय ते ठेव."

मुलीनं ठरलेलं नाव बाळाच्या कानात सांगितलं. बायकांनी मुठी मारल्या, पण जीव नसल्यासारख्या. मी घुगऱ्या वाटल्या. तिच्याही ओंजळीत घातल्या. चार बायकांत तमाशा करणं मला जमत नाही. तिनं चांगल्या आहेत म्हणून सांगितलं.

नवऱ्याला मी आयुष्यभर तोंडावर 'अहो' म्हणाले. इथं 'तो' लिहिते आहे. एवढा हक्क मला आहे.

आता लेकराचं सांगते, म्हणजे एका नावाचं काय एवढं असं कुणाला वाटायला नको. पोलीस अॅक्शन झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. चौथीपर्यंत शाळा झाली, मग फुलंब्रीजवळच्या एका खेड्यात दिलं. नवरा शहरात एसटीच्या वर्कशॉपात लागला होता, सुट्टीला गावी यायचा. तोवर माझी आई वारली होती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही, सासरीच झालं. मुलगा झाला. बारशाआधी लेकराला नावानं हाक मारत नाहीत, तशी सासूची सक्त ताकीद. पण नवरा आला तेव्हा आम्ही दोघांनी चोरून नाव ठरवलं. त्यानं माझ्या कानात सांगितलं, मी त्याच्या कानात परत म्हणून दाखवलं. तिसऱ्या कुणी ऐकलं नाही. घरात आमचा एवढाच चोरटा कारभार.

बारसं व्हायच्या आत लेकरू गेलं. दूध प्यायचं थांबलं आणि गेलं. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. नवऱ्याला बोलावून घेतलं होतं. त्यानं आणि त्याच्या चुलत्यानं माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून नेलं. बाळंतीण बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून मी आतच. कुठं पुरलं म्हणून सासूला विचारलं तर ती म्हणाली, "इचारू नको. आईनं इचारलं की लेकराचा जीव तिथंच अडकतो." मग नवऱ्याला विचारलं. तोही म्हणाला, "नको इचारू," आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

मी परत विचारलं नाही. पुढं एक मुलगा झाला, एक मुलगी झाली. शहरात खोली घेतली, मग हर्सूलकडं घर बांधलं. नाव बारशात ठेवलंच नव्हतं म्हणून जगाच्या लेखी नव्हतंच. ते फक्त आम्हा दोघांत होतं. आम्ही कधी उच्चारलं नाही, पण होतं. एखाद्या रात्री तो कूस बदलायचा आणि मला कळायचं की आज ह्याच्या डोक्यात तेच आहे. मी त्याला संसार समजत होते.

नवरा रिटायर झाला आणि हिमायत बागेत फिरायला जायला लागला. तिथं म्हाताऱ्यांचा हास्यक्लब होता. हात वर करून, पोट धरून विनाकारण हसायचे. मी म्हणायचे, "घरी हसायला काय कर लागतो व्हय?" त्यानं पांढरे बूट आणले. मिशीला कलप लावायला लागला. सकाळी निघताना दोन धपाटे जास्तीचे मागायचा, वर दह्यातली चटणी वेगळ्या डब्यात. मला वाटलं, चालून भूक लागत असेल. ते धपाटे ही बाई खात होती. शाळेतून रिटायर झालेली, नवरा वारलेला, बोलणं मऊ. घरी येऊन तो तिचं नाव सहज घ्यायचा, बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. लपवत नव्हता, म्हणून मलाही काही वाटलं नाही. लपवायचं ते तो तिच्यापाशी उघडं करत होता, हे मला बारशाच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी दिवेलागणीला पाहुणे गेले तेव्हा त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"कधीपासनं सांगताय तिला?"

"काय?"

"मला येडी समजू नका."

"अगं, तसं काय नाय. बोलतो आम्ही. मन मोकळं होतं."

"हात लावला का तिला?"

"देवाशपथ नाय."

"लावला असता तर बरं झालं असतं. तुमच्या हाताचं मला काय कवतिक राहिलंय आता?"

तो चिडला. म्हणाला, "तुझ्यापाशी कधी बोलता आलं? तू अशी दगडावानी."

"आणि 'नको इचारू' म्हणून भिंतीकडं तोंड कुणी केलं होतं? भिंतीनं?"

मी दुसऱ्या दिवसापासून त्याला वाढणं बंद केलं. स्वयंपाक करायचे, ताट भरून झाकून ठेवायचे. समोर बसून वाढलं नाही, भाकरी हवी का म्हणून विचारलं नाही. सुनेला सांगितलं, तूही वाढायचं नाही. तिला दया यायची. येऊ दे म्हणाले. धपाटे तर घरात थापलेच नाहीत.

चार दिवसांनी मी तिच्या घरी निघाले. शेजारच्या खाला अंगणात तांदूळ निवडत होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सुबू-सुबू किधर कू निकले भाभी? मुँह से तो लगरा, किसी से झगडने जारे."

"हौ," म्हणाले.

"तो फिर चप्पल मजबूत वाली पहनके जाओ."

एवढ्या त्रासातही मला हसू आलं. त्या हास्यक्लबाला जमलं नसतं ते खालांनी केलं.

ह्या बाईनं दार उघडलं आणि खूप आनंद झाल्यासारखं केलं. "या, या वहिनी. बसा ना."

मी म्हणाले, "वहिनी कुठून काढलीत? ते काय भाऊ लागतात तुमचे?"

तिला ते लागलं. पण बाई शिकलेली, लगेच सावरली. चहा केला. म्हणाली, "माझं बारशाला चुकलं असेल, पण माझ्या मनात वाईट नव्हतं हो. त्यांनी विश्वासानं सांगितलं. लहान मुलासारखे रडले. पुरुषालाही मन असतं ना."

"मला नाय व्हय?"

"तसं नाही. पण तुम्ही विषय काढू देत नाही म्हणाले." मग मला समजवायच्या सुरात ती सांगायला लागली. ओढ्याच्या काठाला बाभळीखाली त्यांनी कसं स्वतःच्या हातानं खणलं. जनावरानं उकरू नये म्हणून वर काटे कसे रचले. अजून गावाकडं गेले की कसे त्या बाभळीपाशी जाऊन उभे राहतात. "मला एकदा दाखवणार आहेत," म्हणाली.

माझं लेकरू कुठं आहे हे मला एका परक्या बाईच्या सोफ्यावर कळलं. मी कप खाली ठेवला. प्यायले नाही. दारापर्यंत आले आणि तिला सांगितलं, "माझ्या घरी परत यायचं नाय. आणि ते नाव तोंडात घ्यायचं नाय, एकटीच असाल तरी." ती रडायला लागली. मी चपला घातल्या.

घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "उद्या मला न्या."

"कुठं?"

"तिला नेणार होतात तिथं."

तो नाही म्हणू शकला नाही. फुलंब्रीपर्यंत एसटी, पुढं जीप. एसटीत मी बायकांच्या शेजारी जागा घेतली, तो मागं बसला. गावात कुणाच्या घरी टेकलो नाही, सरळ ओढ्याकडं निघालो. मी त्याच्या मागून चालत होते. चाळीस वर्षं ज्या जागेचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं तिकडं चालले होते, आणि खरं सांगते, मला घाई झाली होती.

ओढा होता. पाणी नव्हतं. दोन्ही बाजूंना कपाशी. बाभळ नव्हती. मला वाटलं, तोडली असेल, इतक्या वर्षांत कोण ठेवतंय. तो काठानं वर गेला, खाली आला, परत वर गेला. एका जागी थांबायचा, मान हलवायचा. मी म्हणाले, "गावाकडं आलात की इथं उभं राहता ना? मग सापडत कसं नाय?"

तो बांधावर बसला.

"मी आलो नव्हतो इथवर," म्हणाला.

"म्हंजे?"

"येशीपाशी माझे पाय गळाले. काकानं लेकरू घेतलं माझ्या हातातून. म्हणला, तू बस. मी बसलो. त्यो एकटाच गेला आन् आला. विहिरीवर हातपाय धुतले. कुठं गेला व्हता ते मी बी इचारलं नाय."

चुलता कधीच वारला होता. म्हणजे माझं लेकरू कुठं आहे हे सांगणारं माणूस जगात नव्हतं. आणि ते त्या दिवशी नाही, कित्येक वर्षांपूर्वीच संपलं होतं. मला फक्त आता कळत होतं.

"मग बाभळ? काटे?"

"तिनं इचारलं. काय सांगावं कळंना. बोलत गेलो."

मी म्हणाले, "खोटंच सांगायचं होतं तर मला सांगायचं. एक बाभळ मला दिली असती तर मी चाळीस वर्षं तिच्यावर काढली असती. ती बी तुम्ही तिला दिली."

तो रडायला लागला. हात माझ्याकडं पुढं केला. मी म्हणाले, "रडायचं तर बागेत जाऊन रडा. इथं नाय." आणि रस्त्याला लागले. जीप येईपर्यंत तो लांब उभा राहिला.

नंतर त्यानं बागेत जाणं सोडलं. मी सांगितलं नव्हतं. एकदा त्या बाईचा फोन आला, तो घरात नव्हता, मी उचलला. तब्येत कशी आहे म्हणून चौकशी करायला लागली. मी म्हणाले, "बाई, बाभळ नव्हती. ते तिथवर गेलेच नव्हते. तुम्हाला ऐकवायला रचलेलं सगळं." मग तिनं फोन ठेवला आणि परत कधी केला नाही. मला त्याचं बरं वाटलं.

मुलीनं एकदा भावाचं विचारलं. झाला होता, गेला, एवढं सांगितलं. नाव तिनं बारशात ऐकलंच होतं. ते विसरून जा म्हणाले. विसरली की नाही माहीत नाही. सुनेनं मला दोन-तीनदा सुचवलं की आता वयं झाली, आई, सोडून द्या. मी म्हणाले, तुझ्या नवऱ्यानं केलं म्हणजे तू सोड.

आम्ही त्यानंतरही एका घरातच राहिलो. जायला कुठं जागा होती आणि मी का जावं? माझं घर होतं. बोलणं गरजेपुरतं. दूध आलं, लाईट गेली, गोळी घेतली का. शेवटी त्याला अर्धांग झालं. माझ्या हातानं अंघोळ घातली, भरवलं, चादरी बदलल्या. शेजारपाजारी म्हणायचे, किती प्रेमानं करते. प्रेम नव्हतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर नीट झालं नसतं.

एका दुपारी त्याची जीभ जरा वळत होती तेव्हा तो म्हणाला, "त्याचं नाव घेऊ का एकदा? तुझ्यासमोर?"

"घ्या की. कोण अडवतंय?" मी म्हणाले. "मी ऐकायला बसणार नाय."

मी उठून मागच्या अंगणात गेले आणि वाळत घातलेले कपडे काढले, ओले होते तरी. त्यानं नाव घेतलं की नाही मला माहीत नाही. परत आले तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते, श्वास चालू होता. तो त्यानंतर बरेच दिवस जगला. परत विचारलं नाही.

तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, मोकळी हो, रड. मी रडले नाही. माफ केलं का म्हणून बहिणीनं विचारलं. नाही केलं. ती बाई लेकीकडं राहायला गेली असं ऐकलं. पुढचं मी कुणाला विचारलं नाही.

ते नाव मी इथं लिहिलेलं नाही. हे सगळं जिच्यावर गुदरलं ती मी. अजून जिवंत आहे.