अक्षतीचा नकाशा

दसऱ्यानंतरचा रविवार, दुपारची वेळ. एकूण ठरले बारा हजार रुपये, त्यातले पाच हजार आगाऊ दिले. हजर तिघं: मी, अंथरुणावर माझी बायको, आणि विजयनगरातली, मोबाइलवरचे नकाशे तयार करणारी ओळखीची मुलगी.

आमच्या विठ्ठलाच्या देवळात कार्तिकात सप्ताह असतो. म्हैसुरातल्या मराठी घरांना त्याचं आमंत्रण फोनवरून चालत नाही. दारात जाऊन अक्षत द्यावी लागते. कितीतरी वर्षं ते बायकोच करत होती. सगळी घरं तिच्या डोक्यात. आता डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि तिला घोर एकच: एकही घर सुटायला नको. "सुटलं की त्या माणसाला वाटतं, आपल्याला काढून टाकलं," ती म्हणायची. नकाशाची कल्पना तिचीच.

"बघणार कोण, काकू?" मुलीने आधी विचारलं.

"आमच्या बायका. निम्म्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही."

म्हणून अक्षरं मोठी ठेवली. मग बायको पडल्या पडल्या सांगत गेली, मुलगी ठिपके देत गेली. येलवालच्या रस्त्याला एका फाटकात दोन ठिपके पडले. "यातला एक काढू?" मुलीने विचारलं. "काढू नको गं. जावाजावा बोलत नाहीत. एका अक्षतीत भागवलं तर दोघी माझ्याशी बोलायच्या बंद होतील."

पहिला नकाशा आला तो सगळा लाल. "अय्यो पुट्टी, म्हैसुराला गोवर आला की!" मुलीला लाडाने कानडी हाक मारून बायको हसली, मग खोकत राहिली. त्यावर ठरलं की ठिपका आधी करडा असेल, अक्षत दिली की हिरवा होईल. भजनी मंडळातल्या दोघी स्कूटरवरून फिरून आल्या. नकाशाने त्यांना चार ठिकाणी घराच्या मागच्या भिंतीशी नेलं होतं. मग प्रत्येक ठिपका सरकवून फाटकावर आणला.

बेरीज मी तपासली. दोनशे चाळीस घरं. "घरामागे पन्नास रुपये पडले," मी म्हणालो.

"अहो, साकु, पुरे! देवाच्या कामात तरी भागाकार नको."

उरलेले सात हजार तिने स्वतःच्या हाताने मुलीला दिले. त्या कार्तिकात बायका नकाशा घेऊन हिंडल्या आणि ही फोन छातीशी धरून ठिपके हिरवे होताना बघत राहिली. शेवटचा झाला तेव्हा म्हणाली, "सुटलं नाही ना कुणी?" मी म्हणालो, नाही. पौषात ती गेली.

पुढच्या कार्तिकात आमच्याकडे अक्षत आली नाही. वर्ष सरलं नव्हतं, तेव्हा येणारही नव्हती. वर्षश्राद्ध झालं. यंदा मी फाटक उघडं ठेवलं, अक्षत घेऊन येणारीपुढे करायला हळदकुंकवाचं तबक पुसून ठेवलं. चार दिवस कुणी आलं नाही. आता या घरात बाई नाही, म्हणून वगळलं असेल असं वाटलं. पाचव्या दिवशी फोनवर नकाशा उघडला. यंदाच्या फेरीचे सगळे ठिपके हिरवे झालेले. आमच्या गल्लीत शेजारच्यांचा ठिपका होता, पलीकडच्यांचा होता. आमचा नव्हताच.

मी मुलीकडे गेलो. तिने बराच वेळ शोधलं.

"काका, काकूंनी तुमचं घर सांगितलंच नाही."

"सांगेल कशी? निघायची ती इथूनच. स्वतःला कोण अक्षत देतं?"

मुलीने आमच्या गल्लीवर नकाशा मोठा केला. तिने ठिपका दिला. करडा.

"यंदापुरता हिरवा करू का?"

"नको. कुणी आलेलं नाही."

पैसे म्हटल्यावर तिने दोन्ही हात मागे घेतले. मी म्हणालो, दर काकूंच्या समोर ठरलाय. एका घराचे पन्नास रुपये तिच्या टेबलावर ठेवले. तिने ते घेतले.