उजेड दिसला की रिकामी

नानामामा गेल्याचा निरोप डोंबिवलीला शाळेत आला, तेव्हा मी मुलांकडून पाढे म्हणवून घेत होते. 'बरं' म्हणाले आणि सातचा पाढा पुरा केला… रडू यायला महिना लागला.

नाना जंगलखात्यातून निवृत्त झालेले. कोपरीच्या घरात त्यांची दुनळी बंदूक खुंटीवर असे. सुट्टीत मी गेले की मला आणि सहा वर्षांच्या दिनूला, त्यांच्या मुलाला, समोर बसवून ते शिकवत. आधी बंदूक मधून उघडायची, नळ्या डोळ्याला लावायच्या, पलीकडचा उजेड दिसला तरच ती रिकामी. "मी सांगितलं तरी विश्वास ठेवायचा नाही, सुमे." मामी आतून म्हणायची, "माकडाच्या हाती कोलीत देताय." नानांचं उत्तर ठरलेलं, "लपवलेली वस्तू पोरं हुडकतातच. शिकलेली बरी." मी नऊ वर्षांची होते आणि मला नानाच खरे वाटत.

त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी नाना खडवलीहून परतले. तिथल्या शेतात डुकरं शिरत म्हणून रात्रभर राखणीला बसले होते. मामीची पूजेची घाई, नैवेद्य निवत होता. आयुष्यात पहिल्यांदाच नानांनी बंदूक न उघडता पाटावर ठेवली. मामीने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ मधोमध गुंडाळून बांधली. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही, ही घरची रीत.

जेवणं झाली, नाना आडवे झाले. दिनू पाटासमोर, माजघराच्या दारात खिरीची वाटी घेऊन बसला होता. "बघ, मला सगळं येतं," मी म्हणाले. उघडायची तर माळ तुटणार, पाप लागणार, म्हणून तेवढं राहू दिलं. पाटावरची बंदूक हलवलीसुद्धा नाही. नुसता घोडा ओढला आणि चाप दाबला.

दिनूचा गुडघा गेला.

पोलिसांपुढे नाना म्हणाले, "माझ्या हातून सुटली." बंदूक जमा झाली, परवाना गेला. मामी मरेपर्यंत त्यांच्याशी धड बोलली नाही. मी मात्र गप्प राहिले. नानांनी शिकवलं नसतं तर मला घोडा ओढता आला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यांचा रागही येत होता. आज लाज वाटते ती त्या रागाची नाही, गप्प राहण्याची.

पुढे नानांना एक खोड लागली. चुलीजवळची फुंकणी कुणा पोराने मागितली की ते आधी ती उजेडाकडे धरून आरपार बघत, मगच देत. पोरं हसायची. मी कधी हसले नाही.

परवा कोपरीला गेले. चहासाठी चूल पेटवायला घेतली तेव्हा दिनू सहज म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी समोरच बसलेलो ना. नानांनी शपथ घातलेली, तुला बोलायचं नाही म्हणून."

 हातातली फुंकणी नकळत डोळ्याला लागली… पलीकडे उजेड होता, आणि त्या उजेडात, माजघराच्या दारातून, दिनू काठी टेकत माझ्याकडे येत होता.